बड्या दिवसाची सावली

उज्जैनच्या वेधशाळेत दुपारचे बारा बारा वाजता वाजत नाहीत. २५ डिसेंबर आहे. फोनवर बारा वाजून दहा मिनिटं झालीत, आणि सम्राट यंत्राच्या तिरक्या भिंतीची सावली अजून पश्चिमेच्या कमानीवरच रेंगाळते आहे. घरची मंडळी महाकालचं दर्शन आटोपून गोपाल मंदिराजवळ बाजारात गेली. तुम्ही 'जरा येतो' म्हणून रिक्षा पकडून इकडे आलात. कारण तसं काही नाही. यंदा घरातलं एक माणूस गेलं, नोकरीचं काही खरं नाही, आणि फोन उघडला की कुठल्यातरी गावावर बॉम्ब. गर्दीत हात जोडून उभं राहिलात, पण मागायचं काय तेच सुचलं नाही.

तिकीट फाडणारा माणूस तुमच्या मागोमाग येतो. गिऱ्हाईक नाही, त्यामुळे त्यालाही बोलायला कोणी हवंय. "बारह सत्ताईस तक रुकिए," तो म्हणतो, "फिर देखिए." हिशेब सोपा आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची, उज्जैन पावणेशहात्तर अंशांवर. सूर्य तेवढा उशिरा येतो. एरवी त्यात आणखी एक भानगड असते. सूर्य घड्याळासारखा एका चालीने चालत नाही. नोव्हेंबरात तो सोळा मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीत चौदा मिनिटं मागे, आणि तो फरक तक्त्यात बघून मिळवावा-वजा करावा लागतो. वर्षातून चारदा हा फरक शून्यावर येतो. त्या चारांतला एक दिवस आजचा.

"आज बड़ा दिन है ना," तो सांगतो.

तुम्हाला हसू येतं. उत्तरेकडचे लोक नाताळाला बडा दिन म्हणतात हे ठाऊक आहे. पण ज्या जागी दिवस मोजायचीच यंत्रं मांडलीत, तिथे हे ऐकताना गंमत वाटते. आजचा दिवस साडेदहा तासांहून जेमतेम काही मिनिटांनी मोठा. शंकूची दुपारची सावली शंकूच्या उंचीहूनही लांब पडणार, आणि जूनमध्ये हाच शंकू दुपारी स्वतःची सावली गिळून बसतो. नाडीवलय यंत्राचं उत्तरेकडचं तोंड सप्टेंबरापासून अंधारात आहे. बडा कसला? तुम्ही तसं विचारताही. तो खांदे उडवतो. "तीन दिन से बढ़ रहा है."

वाढतोय खरा, काही सेकंदांनी.

सावली जवळजवळ नाहीशी होत आली असताना तुम्ही कमानीच्या दगडावर बोट ठेवता. यशयाच्या पुस्तकात आहाज राजाच्या पायऱ्यांवरची सावली दहा पायऱ्या मागे फिरल्याची गोष्ट आहे. हाच आहाज शत्रूंनी वेढला गेला होता, वाऱ्याने रानातली झाडं हलावीत तसा भेदरला होता, तेव्हा यशयाने त्याला इम्मानुएल नावाच्या बाळाची खूण सांगितली होती. सावली मागे फिरणं आणि ते बाळ, दोन्ही एकाच पुस्तकात. तर इथेही सावली मागे फिरते. तिकीटवाला दिसेनासा होतो, हिरवळ जाते, रंग जातो. जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेली यंत्रं पडझड होऊन उभी आहेत. माधवराव शिंद्यांनी त्यांची डागडुजी करायला १९२३ उजाडायचंय. तुम्ही १८९९ मध्ये आहात. वार सोमवार, तारीख तीच. मार्गशीर्षाचा वद्य पक्ष, विक्रम संवत १९५६. माळव्यात या सालाला पुढे नुसतं 'छप्पनिया' म्हणतील आणि ते म्हणताना आवाज खाली आणतील.

घड्याळ लावायच्या भानगडीत पडू नका. गाव सूर्याच्या वेळेने चालतं आणि रेल्वे मद्रासच्या.

आधी लक्षात येते ती शांतता. गुरांच्या गळ्यातल्या घंटा नाहीत. क्षिप्रेत पाणी डबक्यांपुरतं उरलंय. माळवा म्हणजे पावलापावलावर भाकरी आणि पाणी अशी या मुलखाची ख्याती; इतकी, की मारवाडात पाऊस चुकला की तिकडचे लोक गुरंढोरं घेऊन सरळ इकडे उतरायचे. यंदाही उतरले. पण यंदा माळव्यातच पावसाने दगा दिला. हाडांवर कातडं ताणलेले बैल रस्त्याच्या कडेला बसलेत, आणि एकदा बसलेला बैल उठत नाही. त्याच्याशेजारी एक फेटेवाला म्हातारा बसलाय. तो बैलाकडे बघत नाही, रस्त्याकडे बघतो. आता पुढे कुठे जायचं हे त्याला कोणी सांगितलेलं नाही, कारण त्याच्या वाडवडिलांच्या माहितीत माळव्याच्या पुढचं गाव नव्हतंच.

शिंद्यांच्या राज्यात मराठी कारकून नसेल तर नवल. दुष्काळी कामावर, खडी फोडणाऱ्यांच्या रांगेपाशी, गुडघ्यावर फळी ठेवून एकजण मोडीत हजेरीपट लिहितोय. तुमचा पेहराव बघून थबकतो. "आपण कुठले?"

"पुण्याचे."

"म्हणजे तिकडे प्लेग, इकडे हे." एवढं बोलून तो दौतीत टाक बुडवतो. तुम्ही त्याच्या खांद्यावरून बघता. कालचा आकडा आणि आजचा आकडा जुळत नाही. मधली माणसं कुठे गेली हे लिहायला हजेरीपटात रकानाच नाही. "माझ्याकडे काम केलं त्याची नोंद," तो स्वतःहून सांगतो. "नाही आला, तर नाही आला."

उज्जैन हे मोजण्याचंच गाव आहे. खगोलशास्त्र्यांनी रेखांश इथून मोजले. इंग्रजांनी अफूचा काटा इथे लावला. माळव्याची अफू तोलून, कर भरून मुंबईला जायची आणि तिथून चीनला. चौदा महिन्यांनी, १ मार्च १९०१ ला, माणसं मोजायला गणक दारोदार फिरतील. मध्य भारत एजन्सीत ८६ लाख माणसं भरतील. दहा वर्षांपूर्वीच्या मानाने जवळजवळ सहावा हिस्सा कमी. काही परागंदा झाली, बाकीची मेली. अहवालात ही ओळ नीटनेटकी छापून येईल.

ऊन कलतं तसे तुम्ही मिशनच्या आवाराकडे निघता. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मंडळींनी इंदूर आणि महूला १८७७ मध्ये काम सुरू केलं, उज्जैनला १८८७ मध्ये ठाणं मांडलं. बारा वर्षांत त्यांना ऐकणारे मोजके मिळाले, वाद घालणारे भरपूर. महाकालच्या नगरीत ते होणारच. आज मात्र फाटकाशी वाद घालायला कोणी नाही. ओसरीवर गोणपाटं अंथरलीत आणि त्यांवर पोरं बसलीत. गुडघे मोठे, मांड्या बारीक, डोळे म्हाताऱ्यांचे. एक बाई, इथलीच, लुगड्याचा पदर खोचून, एका पोरीला पेज भरवते आहे. चमच्याने. एक चमचा, मग बराच वेळ काही नाही. पोर वाटीकडे झेपावते, बाई वाटी मागे घेते. बघायला क्रूर वाटतं. पण महिनोन्‌महिने उपाशी पोटात एकदम अन्न पडलं तर माणूस त्यानेच दगावतो, हे या ओसरीवरच्या सगळ्यांना एव्हाना कळलंय. कसं कळलं ते विचारू नका.

पोरीच्या मुठीत भाकरीचा तुकडा आहे. ती तो खात नाही, चिंधीच्या घडीत लपवते. बाईने ते पाहिलंय. ती काही बोलत नाही.

मुनशी वही घेऊन येतो. नाव? गाव? बाप? पोर एकाचंही उत्तर देत नाही. तो लिहितो, 'मुलगी, अंदाजे सात', आणि पुढच्या गोणपाटाकडे वळतो. भरवणारी बाई हळूच म्हणते, नाव ती सांगेल, आज नाही तर चार दिवसांनी; तेवढी जागा कोरी ठेवा. मुनशी मागे येतो आणि आठ-दहा अक्षरं मावतील एवढी जागा सोडून तिच्या खालून रेघ मारतो.

इथे एक बोचरी गोष्ट सांगायलाच हवी. गावात लोक म्हणतात, भाकरी देऊन पोरं बाटवतात. आणि हा आक्षेप निव्वळ द्वेषाचा नाही. ज्याच्यापुढे पेजेची वाटी आहे त्याच्या होकाराला होकार म्हणायचं का, हा प्रश्न खरा आहे. लाला लजपतरायांनी आणि आर्य समाजाने याच दुष्काळात पोरक्या मुलांसाठी आपली वेगळी मोहीम काढली ती याच चिडीतून, आणि त्या चिडीनेही पुष्कळ पोरं जगली. मला विचाराल तर त्या संध्याकाळी ओसरीवर हा प्रश्न सुटत नाही. तिथे फक्त चमचा आहे.

अंधार पडल्यावर ढोलकी वाजते. बडा दिन आहे ना. आठ-दहा माणसं, एक कंदील, भजन हिंदुस्तानीत. झाड नाही, मेणबत्त्यांच्या रांगा नाहीत, केक तर नाहीच. वचन वाचलं जातं ते कैसराच्या हुकमाचं: सगळ्या जगाची नावनिशी लिहिली जावी.

तुम्ही चपापता. नाताळाची गोष्ट शिरगणतीपासून सुरू होते हे तुम्ही शाळेत शंभरदा ऐकलं असेल. हजेरीपट बघून आल्यावर ते पहिल्यांदा कानात शिरतं.

केडगावला एक चक्कर मारून मग पुढे जाऊ. वाट वाकडी करावी लागेल, पण ही बाई टाळून या विषयावर मराठीत बोलताच येत नाही. पंडिता रमाबाई. आईवडील दोघेही विद्वान, तीर्थयात्रा करत हिंडणारे, १८७४च्या सुमाराच्या दुष्काळात अन्नावाचून गेले, पाठोपाठ बहीण. उपास म्हणजे काय हे रमाबाईंना अहवाल वाचून कळलेलं नव्हतं. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः गेल्या आणि मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध. या मुलींना शहरात जागा नाही. मग केडगावच्या शेतात घाईघाईने निवारा उभा राहिला, आणि त्याचंच पुढे मुक्ती सदन झालं. छप्पनियानंतर तिथे जवळजवळ दोन हजार मुली-बायका होत्या. धर्मशाळेत जागा नव्हती म्हणून बाळ गव्हाणीत ठेवलं, हे वाक्य पुढे त्याच बाईने मराठीत आणलं. अख्खं बायबल तिने मूळ हिब्रू-ग्रीकवरून भाषांतरलं. ते वाक्य लिहिताना तिला शब्दकोश लागला नसावा.

आता थेट जा. विक्रम संवत ५२. उज्जैनचा शक सोयीचा, कारण ख्रिस्ताचा शक इथे दगा देतो: सहाव्या शतकात एका भिक्षूने हिशेब मांडताना चूक केली, आणि हेरोद राजा तर इसवी सनापूर्वी चौथ्या वर्षीच मेला. म्हणजे ख्रिस्त जन्मला तो ख्रिस्तपूर्व काळात. लूक ज्या क्विरिनियसच्या नोंदणीचं नाव घेतो ती आणखी दहाएक वर्षांनी झाली. इतिहासकारांचं त्यावर अजून एकमत नाही. तारखेचाही हट्ट नको. शुभवर्तमानांत ती नाहीच. २५ डिसेंबर रोममध्ये नोंदलेला दिसतो तो ३३६ पासून. सूर्याच्या सणावरून घेतला की मार्चमधल्या गर्भधारणेत नऊ महिने मिळवून, यावर पंडितांचं भांडण चालू आहे. चालू दे.

बेथलेहेम. चढाचं गाव, उज्जैनच्या बाजाराहून लहान. बर्फ शोधू नका. गोठाही गोष्टीत नाही. आहे ती फक्त गव्हाण. त्या मुलखात घराच्या खालच्या अंगाला रात्री जनावरं बांधत, तशातल्या एखाद्या घरात तुम्ही वाकून शिरता. शेणाचा, भुश्शाचा आणि बाळंतपणाचा वास. आजोळच्या गावी गोठ्यात गेला असाल तर हा वास तुमच्या ओळखीचा आहे. दगडाची गव्हाण, कडा जनावरांच्या माना घासून गुळगुळीत झालेल्या. आत बाळंत्यात घट्ट गुंडाळलेलं मूल. आई फार लहान आहे. थकून भिंतीला टेकली आहे आणि हात गव्हाणीच्या काठावर ठेवला आहे, बाळ पडणार नाही एवढ्याच बेताने.

बाहेर कुठेतरी कैसराचा लेखनिक असेल, गुडघ्यावर फळी घेऊन. त्याच्या हिशेबी आज एवढंच झालं की करपात्र कुटुंबात एक डोकं वाढलं.

ख्रिस्ती माणूस या एका डोक्याशी थांबतो. तो म्हणतो की देव या वेळी मोजणाऱ्यांच्या बाजूला बसला नाही, रांगेत येऊन उभा राहिला. इम्मानुएल, म्हणजे देव आपल्याबरोबर. यात बाकी कसलंही आश्वासन नाही, हे मला या श्रद्धेतलं सर्वांत प्रामाणिक वाटतं. हेरोद गादीवरच आहे. कर माफ झालेला नाही. मत्तयाच्या सांगण्याप्रमाणे थोड्याच काळात या गावातली दोन वर्षांखालची मुलं कापली जातील आणि हे कुटुंब रातोरात मिसरला पळेल. चर्चने ती मुलं सणाच्या पंचांगातून गाळली नाहीत. २८ डिसेंबर त्यांच्या नावाने ठेवला, बाळाच्या पाळण्याला लागूनच. सगळं ठीक होईल, असं इथे कोणी म्हणत नाही. जे होईल त्यात तो सोबत असेल, असं म्हणतात. माझ्यासारख्या बाहेरच्याला हे वाक्य पुरेसं आहे की नाही, मी अजून ठरवतो आहे. पण ते खोटं सांत्वन नाही, एवढं नक्की.

मिसरचा रस्ता उज्जैनलाही ओळखीचा. त्यानंतर अर्ध्या शतकाने एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या सागरी वाटांच्या पुस्तकात 'ओझेनी' आहे. तिथून अकीक, मलमल, जाडंभरडं कापड भडोचला उतरायचं आणि जहाजाने मिसरच्या बंदरांना लागायचं. निर्वासित सुताराच्या पोराने तिथल्या बाजारात माळव्याचा लाल खडा पाहिला असेल का? पाहिला असेल असं समजायला मला आवडतं. त्यापलीकडे त्यात काही नाही.

परत येताना एका ठिकाणी पाय अडखळतो. बेथलेहेमच, पण २०२३ चा डिसेंबर. गाझात युद्ध पेटलंय, गावाने रोषणाई रद्द केली आहे. ल्यूथरन चर्चमध्ये गव्हाण मांडलेली नाही. सिमेंटचे तुकडे आणून त्यांचा ढिगारा रचलाय, आणि त्या राड्यारोड्यात, चौकड्याच्या कापडात गुंडाळून, बाळाची मूर्ती. हे चित्र तुम्ही तेव्हा फोनवर पाहिलं होतं आणि बोटाने वर सरकवलं होतं. आता ते सरकत नाही.

"देखा?" तिकीटवाला विचारतो.

सावली पश्चिमेच्या कमानीवरून गेली आहे आणि पूर्वेच्या कमानीवर अजून चढलेली नाही. बारा सत्तावीस. दगडावरचं तुमचं बोट गार पडलंय. घरून तीन मिस्ड कॉल.

संध्याकाळी तुम्ही घरच्यांना काहीतरी सांगून पुन्हा निसटता. चर्च कुठे, असं विचारलंत तर दोन पत्ते मिळतात. एक कॅथलिकांचा, १९६८ पासून केरळच्या सिरो-मलबार मंडळींनी इथे काम उभारलं, तिथले फादर अजूनही मल्याळी वळणाचं हिंदी बोलतात. दुसरा जुना, कॅनडावाल्यांचा वारस. १९७० मध्ये नागपुरात अनेक मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी झाली, तिच्यातलं हे मसीही मंदिर. तुम्ही जुन्याकडे जाता.

भक्ती सकाळीच आटोपली आहे. आता आवारात मंडप, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पताका, आणि स्पीकरवर ढोलक. फाटकाबाहेर पोलिसांची जीप उभी आहे. दोन शिपाई खुर्च्या टाकून बसलेत. बंदोबस्त, दुसरं काय. हल्ली तो लागतो, आणि त्याबद्दल इथे कोणी मोठ्याने बोलत नाही. एका पोरीने त्या दोघांनाही चहा नेऊन दिला आहे आणि त्यांतला धाकटा बशीत ओतून फुरके मारतो आहे.

"जय मसीह की," दारातला म्हातारा म्हणतो. तुम्ही नमस्कार करता. कोण, कुठले, हे तो विचारत नाही.

मंडपाच्या टोकाला टेबलावर गुजिया, नमकपारे, केकचे चौकोनी तुकडे. जांभळ्या स्वेटरमधली एक बाई कागदी प्लेटा मोजून लावते आहे, तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटत. तुम्ही कडेच्या खुर्चीवर बसता. प्लेटा फिरत येतात आणि तुमच्या आधीच्या खुर्चीपाशी संपतात. बाई बोटाने खुर्च्या पुन्हा मोजते, तुमच्यापाशी येऊन थांबते.

"अरे, आप गिनती में छूट गए!"

"राहू द्या," तुम्ही चुकून मराठीत म्हणता.

"ऐसे कैसे राहू द्या." ती आवारातल्याच कुठल्याशा घरात शिरते आणि स्टीलची ताटली घेऊन येते. तीवर दोन गुजिया, केकचा तुकडा. कागदी प्लेटेत एकच गुजिया होती, हे शेजारच्या पोराच्या लगेच लक्षात येतं. ताटलीच्या कडेला नाव कोरलेलं आहे. वर्षानुवर्षं राखेने घासून अक्षरं बुजली आहेत, शेवटचं 'बाई' तेवढं वाचता येतं.

"घर की है," ती जाता जाता सांगते. "लौटा दीजिएगा."